सावरघळचा निनावी अर्ज

मी मास्तरांच्या हातात कोरा कागद दिला आणि म्हणालो, "इन्स्पेक्टर साहेबांचं पत्र आहे. वाचून घ्या."

पोस्टमास्तर हैबतराव शेलारांनी कागद दोन्ही हातांनी ताणला, नाकासमोर धरला, ओठ हलवल्यासारखे केले आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "करा की तपासणी. आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

त्यांच्यामागं माजघराच्या दारात त्यांची बायको अनसूयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. कागद कोरा आहे हे तिनं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तरी मास्तरांना सावरून घेता आलं असतं. ती बोलली नाही. तांब्या माझ्यापुढं ठेवून आत निघून गेली.

चौऱ्याऐंशी सालचा मार्च होता. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, पोस्टात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे फार मोठा माणूस नव्हे. खेड्यापाड्यांतली छोटी पोस्टं सायकलवर फिरून तपासायची, वहीत शेरा लिहायचा आणि पुढच्या गावाला लागायचं. सावरघळ कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीला. शंभर-सव्वाशे घरं, त्यातले निम्मे कर्ते पुरुष मुंबईला. पोस्ट म्हणजे शेलारांच्या घराची पडवी. एक टेबल, एक लाकडी पेटी, खांबाला ठोकलेली लाल टपालपेटी. मास्तर पूर्णवेळ सरकारी नोकर नव्हते. दिवसाचे चार तास काम, तेही स्वतःच्याच घरात.

माझ्या पिशवीत एक निनावी अर्ज होता. पाचच ओळी. 'सावरघळच्या पोस्टमास्तरला डोळ्यांनी दिसत नाही. त्याचं काम दुसरंच माणूस करतं. हे खात्याने बघावं. लवकर बघावं. एक गावकरी.' साहेबांनी तो माझ्याकडं सरकवत म्हटलं होतं, "खरं असेल तर तसं लिहा. खालच्या बेलवडीत जागा आहे, माणूस आहे. सावरघळचं पोस्ट तिकडं हलवून टाकू."

म्हणून मी कोरा कागद दिला होता. आणि म्हणूनच दहा मिनिटांत माझं काम संपायला हवं होतं. पण वही उघडून शेरा लिहायला बसलो आणि पेन हातात नुसतंच फिरत राहिलं. वारा सुटला होता. पडवीतले कागद फडफडत होते आणि मास्तर प्रत्येक फडफडीवर अचूक हात ठेवत होते.

बाराच्या सुमाराला शिदू घोलप थैली घेऊन आला. शिदू इथला रनर. फाट्यावरून सहा मैल चढून टपाल आणायचा आणि गावात वाटायचा. त्याला अक्षरओळख नव्हती असं नाही, पण चार अक्षरांच्या पुढं तो अडखळायचा. थैली आली तशी पडवीत माणसं जमली. मास्तरांनी लाखेची मोहोर बोटांनी चाचपून तोडली, गठ्ठा बाहेर काढला आणि हाक मारली, "अगं, चष्मा पुसून आण."

अनसूयाबाई चष्मा घेऊन आली, सोबत तांदळाचं सूप. उंबऱ्याला टेकून ती तांदूळ निवडायला बसली. मास्तर एकेक पत्र उचलायचे, क्षणभर तिच्या बाजूला कलतं धरायचे. ती तांदळातला खडा फेकता फेकता पुटपुटायची. लगेच मास्तर खणखणीत आवाजात म्हणायचे, "सखाराम बाळू मोहिते!" गंमत अशी की ती पुटपुटायची तेवढ्यात पडवीतलं कुणी ना कुणी खोकायचं. म्हातारे खोकत, बाया खोकत, शिदूही खोकत होता. अख्ख्या गावाला एकाच वेळी खोकला झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मोहित्यांची म्हातारी पत्र घेऊन पुढं आली. "मास्तर, लेकानं काय लिवलंय ते सांगा की."

"थांब, चष्म्याला धूळ बसते सारखी." चष्मा आणि पत्र दोन्ही आत गेलं, चुलीपाशी थोडा वेळ राहिलं, परत आलं. मग मास्तरांनी सबंध पत्र 'वाचलं'. सर्दी-पडशासकट, सुनेच्या नमस्कारासकट. एक शब्द चुकला नाही. फक्त कागद त्यांनी उलटा धरला होता.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात विनवणी होती की धमकी, ते मला कळेना.

दुपारी माणसं पांगल्यावर मी रजिस्टरं मागवली. गेल्या दोन वर्षांतल्या नोंदी एका गोल, ठसठशीत अक्षरात होत्या. 'ल'ची गाठ जरा मोठी. 'र' पायात अडकल्यासारखा. मला ते अक्षर ओळखीचं वाटलं आणि का ते कळेना. पान उलटत राहिलो. मग एकदम पिशवीतून अर्ज काढला आणि रजिस्टरशेजारी ठेवला.

तोच 'ल'. तोच 'र'.

मी अर्ज घाईनं खिशात कोंबला. मास्तर समोर बसून तारखेच्या शिक्क्याचे आकडे चाचपून बदलत होते. आत भांडी वाजत होती. आपल्याच घरात बसून, आपल्याच नवऱ्याची तक्रार, आपल्याच हातानं? बाईला ही जागा स्वतःच्या नावावर हवी होती का? की कुठलं जुनं भांडण होतं? शाळेच्या खोलीत मुक्कामाला गेलो तरी डोक्यातून ते जाईना. डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तोंड धुवायला झऱ्यावर गेलो तर ती तिथं होती. एकटीच घागर भरत होती. मी इकडंतिकडं बघून अर्ज काढला.

"हा तुम्ही लिहिलात?"

तिनं घागर खाली ठेवली. "व्हय."

"स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध?"

"मग काय दुसरीच्या नवऱ्याविरुद्ध लिवू?" ती म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज उतरला. "काल तुमी त्यास्नी कोरा कागद दिलासा. मला वाटलं, सुटले बया. आन् तुमी काय केलंसा? दिसभर बसून शाळंत निजाय गेलासा. शेरा कुठं हाय?"

 तिनं कमरेची पिशवी सोडली आणि चार घड्यांचा एक छापील कागद माझ्या हातात दिला. तालुक्याच्या गावी नेत्रशिबिर होतं. रविवारी. परवाच.

"दिवाळीला भावाकडं जाऊ म्हणून नेलं न् डाक्टरला दावलं," ती सांगू लागली. "डाक्टर म्हनला, दोन्हीकडं मोतीबिंदू पिकलाय. उन्हाळ्याच्या आत काढा, दिसंल. थांबलासा तर डोळा आतनं जाईल, मग जगातला कुनी डाक्टर आला तरी उपेग न्हाई. हे म्हनले, पट्टी बांधून तीन आठवडे निजायचं तर पोस्ट कोन बघंल? रजा घ्यायची तर कारन लिवाय लागंल. एकदा कागदावर डोळा लिवला, की गेलं पोस्ट. तवापास्नं मी रोज सांगतीया न् त्ये रोज न्हाई म्हनत्यात. आता उजव्यात ठणका लागलाय. रातचं उठून बसत्यात. मला वाटतं झोपल्यात, आन् त्ये बसल्यात."

"मी खरं लिहिलं तर नोकरी जाईल. पोस्टही बेलवडीला जाईल. तुम्हाला ठाऊक आहे?"

"जाऊ दे की. मी काय पोस्टासंगं लगीन लावलं न्हाई."

"मग काल मदत का केलीत? नुसतं गप्प बसायचं होतं."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू एवढंही कळत नाही या माणसाला. "आख्ख्या गावाम्होरं त्यास्नी उघडं पाडू? तुमी एकट्यानं बगितलं तेवढं पुरं की."

तिनं घागर उचलली. चार पावलं गेल्यावर थांबून, मागं न वळता म्हणाली, "त्यास्नी मात्र कळू देऊ नगासा. मी लिवलंय म्हनून. माज्या हातचं जेवत्यात त्ये."

"नाही सांगत," मी म्हणालो.

मी झऱ्यापासून पोस्टापर्यंतची चढण तीनदा चढलो आणि उतरलो. नियम मला पाठ होते. मास्तरनं आपल्या जबाबदारीवर बदली माणूस द्यावा आणि रजेवर जावं, अशी सोय होती. सगळं सरळ करता येत होतं. फक्त मास्तरांनी एक अर्ज करायला हवा होता.

पडवीत गेलो आणि थेटच बोललो. "मास्तर, तुमचे डोळे गेलेत. मला कळलंय. रजेचा अर्ज करा, बदली म्हणून घरातलं माणूस द्या, रविवारी शिबिराला जा. मी काही वाकडं लिहीत नाही."

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "कुणी सांगितलं?"

"काल मी तुम्हाला कोरा कागद दिला होता."

 त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मग आवाज आला तो एकदम वरच्या पट्टीत. "मला दिसतं! जेवढं लागतं तेवढं दिसतं! ओव्हरसियर साहेब, हे पोस्ट कसं आलं माहीत आहे? माझे वडील अकरा वर्षं अर्ज करत होते. गोऱ्या साहेबापुढं उभं राहून म्हणाले, आमची माणसं मुंबईत मरतात आणि तेरावं उलटल्यावर आम्हाला कळतं. एकतीस साली ही पेटी ठोकली त्यांनी, स्वतःच्या हातानं. सदुसष्टच्या भूकंपात हे घर आडवं झालं. हिला मी वाशाखालून ओढून काढली आणि दुसऱ्या दिवशी त्या फणसाखाली पोस्ट उघडलं. पुरात उघडलं, प्लेगासारखी साथ आली तेव्हा वडिलांनी उघडलं. एक दिवस बंद नाही. आणि मी रजेवर जाऊ? तुमचा इन्स्पेक्टर टपून बसलाय. रजेचा कागद गेला की पोस्ट बेलवडीला गेलं म्हणून समजा. मी नाही जाणार."

"डोळा गेला तर?"

"गेलाच आहे, म्हणता ना? मग आणखी काय जायचंय?"

दारात अनसूयाबाई उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

आजही मला नीट सांगता येत नाही की पुढचं मी का केलं. रागानं केलं असेल. मी कुणाला रजेवर पाठवू शकत नव्हतो, कुणाचा चार्ज काढून घेऊ शकत नव्हतो. तो अधिकार माझ्या साहेबांचा. पण मी आवाज चढवला. "सोप्या मार्गानं जमत नसेल तर ऐका. साहेबांचा लेखी हुकूम आहे माझ्याकडं." आणि झऱ्यावर तिनं दिलेला तो छापील कागद मी त्यांच्यासमोर उलगडला आणि वाचू लागलो. कागदावर डोळ्याचं चित्र होतं आणि खाली 'सोबत एक नातेवाईक व अंथरूण आणावे' असं छापलेलं होतं. मी वाचलं ते असं, की सावरघळचे पोस्टमास्तर श्री. हैबतराव शेलार यांनी आजच्या आज चार्ज ओव्हरसियरकडं द्यावा, तीन आठवडे वैद्यकीय रजेवर जावं, रजेच्या काळात त्यांची पत्नी अनसूया यांनी बदली म्हणून काम पाहावं. हुकूम न मानल्यास पोस्ट कायमचं बंद करण्यात येईल.

 अनसूयाबाईला तो कागद दिसत होता.

मास्तर उठले. शिक्का, लाखेची मोहोर, पेटीची किल्ली, एकेक वस्तू अंदाजानं उचलून माझ्यापुढं आपटली. "घ्या," ते म्हणाले. "माझ्या बापानं आणलेलं पोस्ट तुमच्यासारख्या सायकलवाल्याच्या हातात जायचं होतं. तुमचं कधी भलं व्हायचं नाही."

मी त्यांचा अंगठा धरून जागा दाखवली तिथं त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली. सही मात्र सरळ रेषेत आली.

शनिवारी सकाळी शिदूनं त्यांना हाताला धरून फाट्यावर नेलं. अनसूयाबाई डोक्यावर वळकटी घेऊन मागून चालत होती. मी पडवीत उभा होतो. तिनं वळूनही पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं तिला, सगळं गाव बघत असताना.

त्या दिवसापासून मंगळवारपर्यंत सावरघळचं पोस्ट मी चालवलं. असले दिवस मी पुन्हा काढले नाहीत. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेली होती. शाळेत जेवणाचं ताट यायचं बंद झालं. शिदू थैली आणून टेबलावर टाकायचा आणि छपराकडं बघत म्हणायचा, "तुमच्यासंगं बोलायचं न्हाई असं गावानं ठरीवलंय." एवढं तो रोज बोलायचा. मोहित्यांच्या म्हातारीचं पुन्हा पत्र आलं. मी म्हणालो, "द्या आजी, वाचून दाखवतो." तिनं ते चोळीत खुपसलं. "मास्तर आलं की वाचतील."

रविवारी दिवसभर मी टेकाडावर येरझाऱ्या घालत होतो. शिबिरात गर्दीमुळं त्यांना परत पाठवलं असेल तर? डॉक्टर म्हणाले असतील की उशीर झाला, तर? मग मी काय केलं होतं? एका आंधळ्या माणसापुढं खोटा हुकूम वाचून त्याचं पोस्ट काढून घेतलं होतं. साहेबांना कळलं असतं तर माझीही नोकरी राहिली नसती, आणि ती जाणं बरोबरच झालं असतं.

मंगळवारी दुपारी अनसूयाबाई एकटीच चढण चढून आली. मी धावत खाली गेलो. शिदूही धावला.

"उजव्याला उशीर झाला," ती म्हणाली. धापा टाकत होती. "डावा हाय. पट्टी सोडून बोटं दावली डाक्टरनं. हे म्हनले, दोन. दोनच व्हती बोटं. भावाकडं ठेवलंय त्यास्नी."

शिदू मटकन खाली बसला. मी तिच्याकडं बघत होतो, पण ती हसली नाही. पडवीत येऊन तिनं हातपाय धुतले आणि टेबलाशी आली. मास्तरांच्या खुर्चीवर बसली नाही, शेजारी स्टूल ओढून घेतलं. मी चार्जचा कागद पुढं केला. दोन वर्षं रजिस्टरं भरणाऱ्या त्या बाईनं तिथं स्वतःचं नाव लिहिलं. तेवढंच लिहायला तिला बराच वेळ लागला.

साहेबांना मी कळवलं की पोस्टमास्तर उपचारासाठी रजेवर आहेत, बदलीची व्यवस्था केलेली आहे, कामात कुठलाही दोष आढळला नाही. खोट्या हुकमाचं कुणाला कळलं नाही. निनावी अर्ज फायलीला लागला.

महिनाभरानं मास्तर जाड भिंगाचा चष्मा लावून कामावर आले आणि पासष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी पोस्ट चालवलं. माझी फेरी असली की पडवीत मोठ्यानं म्हणायचे, "आले हुकूमवाले!" लोकांना माझी गोष्ट रंगवून सांगायचे, मला तोंडाला येईल ते बोलायचे. अनसूयाबाई आतून ऐकायची. मी मान खाली घालून वही भरायचो. तिला शब्द दिला होता. पुढं माझी बदली झाली, सावरघळ सुटलं.

शहाण्णव साली शिदूनं लिहवून घेतलेलं कार्ड आलं, अनसूयावैनी गेल्या म्हणून. मी गेलो. मास्तर पडवीत बसले होते, सत्तरीला आलेले. आता सांगून टाकावं असं मनाशी ठरवूनच गेलो होतो. ज्या बाईसाठी गप्प राहिलो ती उरली नव्हती.

"मास्तर," मी सुरुवात केली, "तो चौऱ्याऐंशीचा अर्ज..."

"तिनंच लिहिला होता," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली टेकलो.

"पेटीतली पत्रं आम्ही मिळून काढायचो. ती पत्ता वाचायची, मी शिक्का मारायचो. पोस्टकार्ड असो, पाकीट असो, वाचल्याशिवाय तिनं कधी पुढं दिलं नाही. त्या दिवशी एक पाकीट न वाचताच सरकवलं. मी हात ठेवला. तिचा हातही तिथंच होता. खळ अजून ओली होती. मी काही विचारलं नाही. शिक्का मारला आणि थैलीत टाकलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी कशासाठी आलोय ते?"

"पाकीट टाकलं तेव्हा वाटलं, बरं झालं, सुटलो. तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा धीर सुटला. माणूस असाच असतो हो."

"मग इतकी वर्षं मला का बोललात?"

"तुम्हाला बोलत नव्हतो. तिला ऐकवत होतो, की मला काही कळलेलं नाही." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तिला वाटायचं, आपण नवऱ्याला फसवलं. त्यापायी माझ्याशी कधी वर तोंड करून भांडली नाही पुढं. आधी किती भांडायची! मला वाटलं, नको काढायला तो विषय, चाललंय ते बरं चाललंय."

 ते पेटी ठोकलेल्या खांबाकडं तोंड करून बोलत होते.

"शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, माजं एक चुकलंय, तुमास्नी सांगायचंय. मी म्हणालो, बोलू नकोस, दम लागेल. दोनदा म्हणाली. दोनदा मी तेच सांगितलं." ते माझ्याकडं वळले. "ओव्हरसियर साहेब, सांगू द्यायला हवं होतं का हो?"

खाली फाट्यावर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी उठलो नाही.